ताप अंगावर काढू नका!

गेल्या वर्षी लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे लागले होते आणि आमच्या शेजारचा नाशिकचा विद्यार्थी तीन दिवस तापाने खोलीत पडून होता. म्हणाला, "काकू, डॉक्टरची फी परवडणार नाही."

अरे, व्हिसा काढतानाच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलास ना? जीपीकडे तपासणीला वेगळे पैसे पडत नाहीत! पण त्याने नावच नोंदवले नव्हते. शेवटी १११ ला फोन केला, तेव्हा मार्ग निघाला.

म्हणून पालकांनो, चकलीच्या डब्याबरोबर मुलांना एवढे सांगाच: पहिल्याच आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवा. विद्यापीठात समुपदेशकही विनामूल्य भेटतात. विचारायला लाजू नका. आणि घरची आठवण आली, तर आमचे दार आहेच.