पानशेतचा पूर आणि हौशी कॅमेरे

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याच्या दगडी धरणालाही खिंडार पडले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत घुसले. हौशी छायाचित्रकारांच्या साध्या कॅमेऱ्यात बहुधा १२० क्रमांकाचा रोल, म्हणजे कागदी पाठीची रुंद फिल्म, असे. तिच्यावर चौरस आकाराची जेमतेम १२ छायाचित्रे निघत, त्यामुळे प्रत्येक खटका तोलूनमापूनच दाबावा लागे. पुराच्या थरारक दृश्यांपेक्षा पाणी ओसरल्यावरची छायाचित्रेच अभ्यासकाला अधिक मोलाची, कारण वाड्याच्या भिंतीवर उमटलेली चिखलाची आडवी रेघ, अर्थात पूररेषा, दाराच्या चौकटीशी ताडून पाण्याची उंची अदमासता येते. मात्र छायाचित्रामागे पेठेचे नाव लिहिलेले हवे, जे पुष्कळदा नसते.