रक्तवाहिन्यांतला छुपा दाह

उच्च रक्तदाबात रक्तवाहिन्यांच्या नाजूक अस्तरावर सतत ताण येतो. तिथे मंद दाह धुमसू लागतो, भिंती ताठर होतात आणि दाब आणखी चढतो.

हे दुष्टचक्र चालण्याने सैलावू शकते. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ४७ जण ट्रेडमिलवर फक्त २० मिनिटे चालले. दाह वाढवणारे ‘टीएनएफ’ प्रथिन बनवणाऱ्या त्यांच्या पेशी सुमारे ५ टक्क्यांनी घटल्या.

जोडीला आहार हवाच. ड्यूक विद्यापीठाने २०१० मध्ये वजन आणि रक्तदाब वाढलेल्या १४४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाज्या, फळे, कमी स्निग्धांशाचे दूधदुभते असलेल्या ‘डॅश’ आहाराने चार महिन्यांत वरचा दाब ११ अंकांनी उतरला. व्यायाम आणि वजन घटवण्याची जोड मिळताच १६ अंकांनी. पोटाची चरबी घटली, की तिच्यातून पाझरणारी दाहकारक रसायनेही कमी होतात.