दोन शिकवण्यांमधला आठवडा

आठवड्याचे एकंदर तास १६८. गिटार शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वांट्याला त्यांतील एकच तास शिक्षकाच्या सहवासाचा येतो. बाकीचे १६७ तास विद्यार्थी एकटाच असतो. आणि तो पुढें गिटार वाजवूं लागेल कीं ती भिंतीवरच्या खुंटीला टांगून ठेवील, याचा निकाल बहुतांशीं या १६७ तासांतच लागत असतो. शिकवणी सुरू केल्यावर कांहीं महिन्यांतच वाद्य सोडून देणारे कोणत्याहि गांवांत सांपडतील. त्यांना कारण विचारलें असतां 'आमच्या हातांत तें नव्हतेंच' असें उत्तर येतें. वस्तुतः हातांत न्यून क्वचितच असतें. सरावाची रीत चुकलेली असते.

जुन्या गुरुगृहाच्या पद्धतींत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. शिष्य गुरूच्या घरींच राहात असे, त्याचा रियाज गुरूच्या कानांवर पडत असे, आणि चुकीचा पलटा चार वेळां घोटला जाण्यापूर्वींच आंतल्या खोलींतून हांक येत असे. पुढें विष्णु दिगंबर पलुस्करांनीं १९०१ मध्यें लाहोरास आणि १९०८ मध्यें मुंबईस गांधर्व महाविद्यालय काढलें. संगीताचें शिक्षण वर्गाच्या आणि घड्याळाच्या चौकटींत येऊं लागलें. त्यामुळें तें कितीतरी अधिक लोकांना मिळालें, हा लाभ थोडाथोडका नव्हे. परंतु सराव मात्र गुरूच्या कानांआड गेला. आजची गिटारची शिकवणी तर बहुधा तासावरच चालते. तेव्हां ऐकणारा तो कान विद्यार्थ्याला स्वतःच्याच ठिकाणीं तयार करावा लागतो.

प्रथम वेळेचा विचार करूं गेल्यास, पुष्कळ विद्यार्थी सोमवार ते शनिवार वाद्याला हात लावीत नाहींत आणि रविवारीं तीन तास बसून सहा दिवसांची भरपाई करूं पाहतात. ही भरपाई होत नाहीं. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १८८५ मध्यें आपले स्मरणावरील प्रयोग प्रसिद्ध केले. एका बैठकींत कोंबलेल्या आवृत्त्यांपेक्षां अनेक दिवसांवर वांटलेल्या आवृत्त्या अधिक टिकतात, असें त्याला आढळून आलें होतें. गिटारच्या बाबतींत बोटेंहि हीच साक्ष देतात. तार दाबणाऱ्या बोटांच्या टोकांना पहिले कांहीं आठवडे हुळहुळ होते आणि मग तेथें घट्टे पडून त्रास थांबतो. हे घट्टे रोजच्या पंधरा-वीस मिनिटांनीं पडतात. रविवारच्या तीन तासांनीं केवळ फोड येतात, आणि पुढचे चार दिवस वाद्य बाजूला ठेवण्यास एक सबळ कारण मिळतें.

वेळ किती, यापेक्षां तो एकांतांत कसा घालविला याला अधिक महत्त्व आहे. अँडर्स एरिक्सन व त्यांचे सहकारी यांनीं बर्लिनच्या संगीत अकादमींतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९९३ मध्यें प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांनीं स्वतः दिलेल्या अंदाजावरून पाहतां, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा एकट्यानें केलेला सराव सुमारें ७,४०० तास, मधल्या गटाचा ५,३०० आणि पुढें संगीतशिक्षक होऊं इच्छिणाऱ्यांचा ३,४०० तास भरला. या आंकड्यांचा पुढें फार गवगवा झाला. परंतु त्याच पाहणींतील दुसरी गोष्ट मागें पडली, ती अशी कीं, उत्तम विद्यार्थी मर्यादित बैठकी करीत, मध्यें विश्रांति घेत, आणि दुपारीं चक्क झोंपतहि असत. थकलेल्या मनानें तारा छेडीत राहणें हा सराव नव्हे, हें त्यांना कळलें होतें.

मग एकांतांत करावें काय? मावरो ज्युलियानी या इटालियन गिटारवादकानें व्हिएन्ना येथें १८१२ मध्यें प्रसिद्ध केलेला एक अभ्यासक्रम आहे. त्यांत उजव्या हातासाठीं १२० लहान लहान पाठ दिले आहेत. मौजेची गोष्ट ही कीं, या सर्व पाठांत डाव्या हाताला केवळ दोनच स्वरसमूह आळीपाळीनें धरावयाचे असतात. एक षड्जावर उभारलेला आणि दुसरा पंचमावर. प्रथमदर्शनीं हें रुक्ष वाटेल. परंतु त्यामागील हिशेब मोठा शहाणपणाचा आहे. डाव्या हाताचें काम सोपें करून टाकल्यावर सर्व लक्ष उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांच्या क्रमावर व आघातावर देतां येतें. एका वेळीं एकच अडचण समोर ठेवावयाची, हें तत्त्व तेथें १२० वेळां पाळलें आहे. नवशिका विद्यार्थी घरीं याच्या नेमकें उलट करतो. आवडतें गाणें पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवितो, मध्यें ज्या ठिकाणीं अडखळतो तेथें कपाळाला आठ्या घालतो, आणि पुनः पहिल्यापासून आरंभ करतो. वीस मिनिटांत सोपा भाग वीस वेळां होतो आणि अवघड जागाहि वीस वेळां चुकते. चूकच पाठ होते, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

एक ठराविक अवघड जागा पाहूं. सी या कॉर्डवरून एफ् या कॉर्डवर जातांना बहुतेकांची गाडी अडते. एफ् धरतांना तर्जनी पहिल्या पडद्यावर साही तारांवर आडवी ठेवावी लागते. कित्येकांचा गिटारशीं असलेला संबंध याच पडद्यापाशीं संपतो. आतां शिक्षक येथें एक गोष्ट दाखवून देतो. सी मध्यें अनामिका पांचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर असते, आणि एफ् मध्येंहि ती तेथेंच राहते. म्हणजे एक बोट उचलावयाचेंच नाहीं. मध्यमा चौथ्या तारेवरून तिसरीवर जाते, करंगळी येऊन चौथी तार दाबते, आणि तर्जनी आडवी होते. शिक्षकासमोर हें उमगतें; घरीं मात्र विद्यार्थी सवयीनें चारहि बोटें उचलतो आणि हवेंत चांचपडतो. अशा वेळीं गाणें बाजूला ठेवून केवळ हा एकच बदल, अनामिका न हलवितां, तारा न छेडतां, अगदीं सावकाश करावा. मेल्त्सेल यानें १८१५ मध्यें मेट्रोनोमचें पेटंट घेतलें; तें यंत्र आतां भ्रमणध्वनींतहि फुकट मिळतें. मिनिटाला ४० ठोक्यांवर बदल स्वच्छ होत असेल तर ४४ वर जावें, बिघडला तर निमूटपणें ३६ वर यावें. यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. अनामिका तेथेंच राहिली कीं नाहीं, हें पाहण्यास लहानसा आरसा समोर ठेवला तरी पुरे.

तथापि एकच जागा तासभर घोटीत बसणेंहि हिताचें नाहीं. १९७९ मध्यें शी आणि मॉर्गन या दोन अमेरिकन संशोधकांनीं हाताच्या तीन निरनिराळ्या हालचाली दोन गटांना शिकविल्या. एका गटानें एक हालचाल पूर्ण करून मग दुसरी घेतली. दुसऱ्यानें तिन्ही उलटसुलट मिसळून केल्या. सराव चालू असतांना पहिला गट सरस दिसला. दहा दिवसांनीं तपासलें तेव्हां मिसळून शिकलेल्यांच्या हातांत विद्या अधिक उरली होती. याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, पांच मिनिटें तो एक बदल, पांच मिनिटें सरगम, पांच मिनिटें उजव्या हाताचा एखादा पाठ, आणि मग पुनः तोच बदल, अशी फेरी घ्यावी. अशा फेरींत प्रगति मंद भासते व विद्यार्थी निराश होतो. हा भास आहे, एवढें शिक्षकानें आधींच सांगून ठेवलें तर पुष्कळ विद्यार्थी वांचतील.

शिक्षकाकडून या आठवड्यासाठीं एक वही लिहून घ्यावी. तींत 'गाणें बसवा' असें मोघम लिहिलेलें उपयोगी नाहीं. कोणत्या ओळी, कोणत्या गतीनें, कोणत्या बोटानें, हें लिहिलेलें असावें. विद्यार्थ्यानें रोज तींत दोनच ओळी लिहाव्या : काय केलें आणि कोठें अडलें. पुढच्या शिकवणींत प्रथम ती अडलेली जागाच वाजवून दाखवावी. येथें भिडस्त विद्यार्थ्यांचें फार नुकसान होतें. जें चांगलें येतें तें वाजवून ते शाबासकी मिळवितात आणि तासाचे पैसे त्या शाबासकीवर खर्ची घालतात. सराव झालाच नसेल तर तसें स्पष्ट सांगावें. जाणता शिक्षक रागावण्याऐवजीं तो तास आपल्यासमोर सराव करवून घेण्यांत घालवितो, आणि विद्यार्थी घरीं कोणत्या चुका करतो हें त्याला प्रथमच दिसतें.

दुखण्याविषयीं मात्र संकोच मुळींच करूं नये. बोटांच्या टोकांची हुळहुळ निराळी. मनगटांत कळ येणें, बोटें बधिर होणें हें निराळें. दुसऱ्या प्रकारांत वाद्य तत्काळ खालीं ठेवावें आणि पुढच्या तासाची वाट न पाहतां शिक्षकास कळवावें. तें राहिलेंच तर डॉक्टरांकडे जावें. रोबर्ट शूमान यांना तरुणपणीं उजव्या हाताच्या बोटाच्या विकारामुळें पियानोवादक होण्याची आशा सोडावी लागली. बोट सुधारावें म्हणून त्यांनीं एक यांत्रिक साधनहि वापरलें होतें. पुढें ते थोर रचनाकार झाले; पण प्रत्येकाजवळ अशी दुसरी वाट तयार असतेच असें नाहीं. डाव्या हाताचा अंगठा दांडीमागें किती जोरानें आवळला जातो, हें विद्यार्थ्याला स्वतःला कळत नाहीं. दर पांच मिनिटांनीं तो अंगठा सैल सोडून पाहावा.

आणि वाद्य ठेवण्याची जागा. पेटींत बंद करून कपाटावर चढविलेली गिटार खालीं काढण्याचा आळस हाच कित्येक दिवसांचा सराव बुडवितो. ती नजरेसमोर, हातापाशीं असावी. कोंकणांत व गोव्यांत पावसाळ्यांत मात्र ओल्या भिंतीला टेकवून ठेवूं नये, दमट हवेनें लांकूड फुगतें. त्या दिवसांत रात्रीं ती पेटींत घालावी, आणि सकाळीं सरावाच्या वेळेपूर्वींच बाहेर काढून, सहाहि तारा जुळवून ठेवावी.