१२० एकर 'नवी' जागा? रेसकोर्सचा वाद आणि बेसलाइन

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मालवणच्या एका ज्युनियरने परवा मला त्याचा संशोधन आराखडा पाठवला. विषय होता महालक्ष्मी रेसकोर्सचा पुनर्विकास. पहिलंच वाक्य असं: 'या प्रकल्पामुळे मुंबईला १२० एकर नवी मोकळी जागा मिळणार आहे.' मी 'नवी' या शब्दाभोवती लाल गोल काढून परत पाठवलं. लगेच फोन आला. "ताई, सगळीकडे तसंच लिहितात की!"

लिहितात, हे खरं. म्हणून आज बेसलाइनबद्दल लिहिते. बेसलाइन म्हणजे बदल मोजायचा तर तो कशापासून मोजायचा, ती आधीची स्थिती. अर्ध्याअधिक आराखड्यांत ही स्थिती लिहिलेलीच नसते, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो.

आधी प्रकरण थोडक्यात. रेसकोर्सची जागा सुमारे २११ एकर, काही राज्य सरकारची आणि काही महापालिकेची. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. त्याच वर्षी तिथे थीम पार्क करा अशी मागणी झाली, विरोधही झाला, आणि दहा वर्षं विषय लोंबकळत राहिला. २०२४ मध्ये तोडगा निघाला: ९१ एकर क्लबकडे २०५३ पर्यंत, उरलेले १२० एकर महापालिकेकडे सार्वजनिक उद्यानासाठी. त्याला कोस्टल रोडच्या भरावावरची सुमारे १७५ एकर हिरवी जागा जोडली की जवळपास ३०० एकरांचं 'सेंट्रल पार्क' होतं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ८४३ एकरांचं आहे, तेव्हा नावाकडे फार लक्ष देऊ नका.

आता लाल गोलाकडे या. ते १२० एकर आजही मोकळेच आहेत. तिथे इमारती पाडून बाग होणार नाहीये. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबात वाढ शून्य. मग बदलतं काय? जागेवरचा हक्क बदलतो. आज सकाळ-संध्याकाळ लोक तिथे फेऱ्या मारतात, पण क्लबने ठरवलेल्या वेळेत. उद्या ती बाग त्यांची असेल. हा बदल लहान नाही, मला तर तो हवाच आहे. पण तो एकरात मोजता येत नाही. कोण येतं, किती वाजता येतं, कुठल्या वस्तीतून चालत येतं, यात तो मोजावा लागतो. भरावाची जमीन मात्र खरंच नवी आहे. अर्थात तिचीही बेसलाइन समुद्र आहे, रिकामा कागद नाही. वरळीचे कोळी पुलाच्या दोन खांबांमधल्या अंतरासाठी का भांडले, हे मालवणच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. नकाशावर एका तुकड्याला एकच रंग देतात. प्रत्यक्षात मैदान वर्षभर एकच काम करत नसतं. रेसकोर्सवर शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारी २०२३ मध्ये तिथे लोलापालूझाचा दोन दिवसांचा संगीत महोत्सव झाला. पावसाळ्यात तीच जमीन पाणी धरते. हे शहरातच घडतं असं नाही. आपली आंगणेवाडीची जत्रा आठवा. तारीख पंचांगाची ठरलेली नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. भात कापून रिकाम्या झालेल्या मळ्यांत दुकानं लागतात, लाखो माणसं येऊन जातात आणि पावसात तिथेच पुन्हा तरवा लागतो. या जमिनीला कुठला रंग देणार? शेती की जत्रा? माझी आजी ऐकून म्हणाली होती, "मैदानाचो रिसर्च कसलो करतलस गो?" तिला हेच सांगितलं, तर म्हणाली, "ह्या तर सगळ्यांका म्हायत हा." असेल, पण आराखड्यात कुणी लिहीत नाही.

आणि पाणी. बागेखाली क्रीडासंकुल आणि वाहनतळ बांधायच्या कल्पना पुढे आल्या आहेत. वर हिरवळ तर राहणारच, मग अडचण काय? साधं गणित करू. १२० एकर म्हणजे सुमारे ४ लाख ८५ हजार चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला (मुंबईला असा दिवस नवा नाही) तर ४ कोटी ८५ लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे ४,८५० टँकर. आज यातलं काही मुरतं, काही साचतं, काही वाहून जातं. खाली स्लॅब आला की वरची माती जितकी जाड तितकंच पाणी धरणार, बाकीचं गटारात. उलट बाजूही आहे: ही मुळात दलदलीची सखल जमीन, भर जुलैत ती आधीच भिजलेली असते, तेव्हा स्लॅब नसतानाही फार पाणी मुरत नसेल. म्हणूनच अंदाज बांधत बसू नका. दोन कड्यांचं इन्फिल्ट्रोमीटर घ्या, मे महिन्यात आणि जुलैत वेगवेगळं मोजा. एका आकड्याने भागणार नाही.

दीर्घकालीन हा शब्दही तपासा. मुंबईचा विकास आराखडा २०३४ पर्यंतचा, क्लबचा करार २०५३ पर्यंतचा. म्हणजे करार चालू असतानाच नवा आराखडा येईल. सिंगापूरने निराळा रस्ता धरला: क्रांजीचं रेसकोर्स बंद करायचं जून २०२३ मध्ये जाहीर केलं, ५ ऑक्टोबर २०२४ ला शेवटची शर्यत झाली, आणि १२० हेक्टरहून जास्त जमीन घरं आणि इतर कामांसाठी सरकारकडे जाणार. तिथे बेसलाइन खरोखर पुसली जाते. त्यामुळे 'सिंगापूरप्रमाणे मुंबईतही' असं वाक्य आराखड्यात घातलंत, तर परीक्षक सोडणार नाहीत.

ज्युनियरने काल दुसरा मसुदा पाठवला. मुंबईला जाऊन मोजायला पैसे नाहीत, म्हणून आधी मालवणच्या बोर्डिंग ग्राउंडवर पद्धत तपासणार आहे: दिवसातून पाच वेळा माणसं मोजायची, क्रिकेटच्या स्पर्धा असताना आणि नसताना. पहिलं वाक्य त्याने खोडलंय. त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.