पर्जन्यरेषा, लोकसंख्या आणि देशाचा विकास

देशाचे क्षेत्रफळ मोठे असले म्हणजे तेथे अन्नधान्याची विपुलता असतेच, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज कितपत खरा आहे, हे आपल्या शेजारच्या चीन देशाच्या उदाहरणावरून पाहू.

चीनचे क्षेत्रफळ सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटर आहे; भारताचे सुमारे ३३ लाख. असे असूनही लागवडीखालील जमीन भारतात चीनपेक्षा अधिक आहे. चीनचा पश्चिम भाग उंच पठारे, पर्वत आणि वाळवंटे यांनी व्यापलेला असल्यामुळे तेथे नांगर चालण्याजोगी जमीन थोडी आहे.

नकाशावरील एक रेषा

हू हुआन्योंग या चिनी भूगोलतज्ज्ञाने १९३५ मध्ये देशाच्या नकाशावर ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत एक तिरकस रेषा आखली. तिच्या पूर्वेस त्या वेळी दर शंभरांतील सुमारे ९६ माणसे राहत होती. त्यानंतर रेल्वे, कारखाने व नवी शहरे झाली. तथापि आजही दर शंभरांतील नव्वदांहून अधिक लोक रेषेच्या पूर्वेसच आहेत. याचे कारण उघड आहे. ही रेषा स्थूलमानाने ४०० मिलिमीटर वार्षिक पावसाच्या रेषेजवळून जाते. जेथे पाऊस, तेथे पीक. आणि जेथे पीक, तेथे वस्ती.

पूर्वेकडेही पाण्याची वाटणी समान नाही. दक्षिणेत पाणी मुबलक, तर उत्तरेच्या मैदानात ते अपुरे. म्हणून हान नदीचे पाणी सुमारे १,३०० किलोमीटर कालव्याने नेऊन डिसेंबर २०१४ मध्ये बीजिंगला पोहोचविण्यात आले. त्यासाठी तीन लाखांहून अधिक लोकांस आपली घरे सोडावी लागली. दुरून पाणी आणण्याचे मोल असे भारी असते.

माती राखली, शेती राहिली

पीत नदीच्या मध्यभागातील लोएस पठारावर वाऱ्याने आणलेल्या मऊ मातीचे जाड थर आहेत. लोकसंख्या वाढली तसे शेतकरी तीव्र उतार नांगरू लागले. पावसाबरोबर माती वाहून गेली, घळी पडल्या आणि दारिद्र्य वाढले. पुढे तेथे उतारावर मजग्या पाडण्यात आल्या, घळींत बांध घालून गाळ अडविण्यात आला व त्या गाळावर पिके घेण्यात आली. १९९९ पासून तीव्र उतारावरील नांगरट सोडणाऱ्या शेतकऱ्यांस सरकारने धान्य, रोपे व पैसे दिले. डोंगर पुन्हा हिरवे झाले. मात्र कोरड्या भागात दाट झाडे लावल्यास ती जमिनीतील ओल शोषून घेतात, हाही अनुभव आला. अशा ठिकाणी गवत व झुडपेच हितावह होत.

आपणांस बोध

२०२३ मध्ये भारत लोकसंख्येत चीनच्या पुढे गेला. आपल्याकडेही पाऊस सर्वत्र सारखा नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पर्जन्यरेषा हलविणे मनुष्याच्या हाती नाही. पडलेला पाऊस व असलेली माती राखणे मात्र त्याच्या हाती आहे.

यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी शेतकऱ्यांसमवेत शिवारफेरी करावी, पाणी कोठून वाहते व माती कोठे खचते ते पाहावे आणि माथ्यापासून पायथ्याकडे समपातळी बांधांचे काम हाती घ्यावे. वाहून गेलेली माती परत येत नाही. आणि पुढच्या पिढीची भाकरी त्याच मातीतून यावयाची आहे.