टर्बोचा ब्रेक आणि गटाचं कर्ज

मागच्या वेळी आपण उडदाच्या पापडावर बोललो होतो, आज विषय ट्रकचा आहे. हसू नका. आमच्या गटात बारा जणी आहेत, त्यातल्या तिघींच्या घरी मालाची गाडी आहे. गेल्या दोन वर्षांत गटातून जे अंतर्गत कर्ज उचललं गेलं, त्यातलं बरंचसं गाडीच्या दुरुस्तीत गेलं. अर्जावर कारण लिहिलेलं असतं, ‘गाडीचे काम’. त्या दोन शब्दांत नेमकं काय असतं, हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं.

एका काकींच्या गाडीने ते विचारायला लावलं. त्यांची गाडी कोल्हापूरहून गूळ घेऊन फोंडा घाटाने कोकणात उतरते आणि येताना जांभा चिरा भरून वर चढते. मुलगाच चालवतो. गाडी चढाला ओढेना, काळा धूर ओकायला लागली, तेव्हा गॅरेजवाल्याने ‘टर्बो गेला’ असं सांगितलं. गटाने ३० हजार दिले, नवा टर्बो बसला. सव्वा महिन्यात तोही गेला. त्या महिन्याच्या सभेत काकी कोपऱ्यात पदर सावरत बसल्या होत्या. हप्ता आणला नव्हता, आणि हातात दुसऱ्या कर्जाचा अर्ज होता.

सभेत आवाज चढले, ते सांगत बसत नाही. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आक्कांनी मात्र एकच प्रश्न विचारला, “पयला का गेला, त्ये इचारलं का कुणी?” कुणीच विचारलं नव्हतं. मग ठरलं की पैसे द्यायचे, पण गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायची आणि काम चालू असताना गटातल्या दोघींनी तिथं उभं राहायचं. त्यातली एक मी. माझं बी.ए. मराठी घेऊन झालंय, पान्याशी माझा संबंध सायकलीपुरता. तरी दीड दिवस उभी राहिले, आणि त्या मिस्त्रींनी न कंटाळता सांगितलं.

आधी टर्बो म्हणजे काय ते. आपल्याकडं गुऱ्हाळाचं चुलवाण सगळ्यांनी पाहिलंय. जाळाला हवा नीट मिळाली तर तेवढ्याच चिपाडात काहील लवकर उकळते. इंजिनाचंही तसंच आहे. जास्त हवा मिळाली की जास्त डिझेल नीट जळतं आणि ताकद वाढते. ही हवा कोंबायचं काम टर्बो करतो, आणि तेही फुकटात. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात ढकलतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड बुखी नावाच्या इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना शंभराहून जास्त वर्षांची आहे. दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो. एका बाजूला ६००–७०० अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला साधी हवा, आणि मध्ये दांड्याला सांभाळणारा फक्त ऑइलचा पातळ थर. तो थर तुटला की काही सेकंदांत टर्बो संपतो.

आता ब्रेक. चाकांच्या ब्रेकशिवाय मोठ्या गाड्यांना आणखी एक ब्रेक असतो, त्याला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात. बऱ्याच गाड्यांत तो टर्बोच्या धूर सोडणाऱ्या तोंडालाच जोडलेला असतो, काहींत पुढं पाइपावर. म्हणून आपली मंडळी ‘टर्बोचा ब्रेक’ म्हणतात. आत एक गोल झडप असते, रुपयाच्या नाण्यासारखी चपटी, पण तळहाताएवढी. ड्रायव्हरने बटण दाबलं की हवेच्या टाकीतली हवा एका छोट्या सिलिंडरला ढकलते, तो दांडी ओढतो आणि झडप आडवी होऊन धुराची वाट अडवते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून पंप मारून बघा, दांडा दाबताना हात भरून येतो. तसंच इंजिनाला फिरणं जड होतं, आणि ते जडपण चाकांपर्यंत पोचून गाडी रेटून धरते. यात चाकांचे ब्रेक वापरलेच जात नाहीत.

हे घाटात फार मोलाचं आहे. भरलेली गाडी उतरताना चाकाचे ब्रेक सारखे दाबले तर ड्रम तापतात, लायनरचा जळका वास येतो आणि मग पाय कितीही दाबा, ब्रेक धरत नाही. एक्झॉस्ट ब्रेक चालू असला तर ड्रम थंड राहतात आणि खरी गरज पडते तेव्हा चाकाचे ब्रेक हाती असतात. मात्र गाडी गिअरमध्येच पाहिजे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे असतात ना, त्यांचा हा ब्रेक त्या क्षणी नसल्यासारखाच. लहान गिअर, इंजिनाचे फेरे जास्त, तर पकड जास्त. रिकामी गाडी आणि ओला रस्ता असेल तर मात्र जपून, मागची चाकं घसरू शकतात.

काकींच्या गाडीत मिस्त्रींनी टर्बो सोडायच्या आधी त्या झडपेची दांडी हाताने हलवली. हललीच नाही. काजळीने झडप अर्धवट मिटलेल्या जागी धरून बसली होती. म्हणजे काकींचा मुलगा किती दिवस फोंडा घाट नुसत्या चाकाच्या ब्रेकवर उतरत होता, ते देवालाच ठाऊक. आणि चढताना? धुराडं अर्धं बंद ठेवून चुलवाण पेटवल्यासारखं. धूर कोंडला, उष्णता टर्बोवर बसली. ऑइल आणणारी बारीक नळी काढली तर तिच्यात काळी खरपुडी, कढईत तेल करपून बसतं तशी. ऑइल पोचत नव्हतं. पहिल्या गॅरेजने नवा टर्बो घातला, पण नळी तीच, झडप तीच. बाकी ठिकाणी नवा माल बसवून रोग तसाच ठेवला, तर पुन्हा त्याच दारात यावं लागणारच.

काम असं झालं. गाडी रात्रभर थंड केली, कारण हे भाग तासाभरात निवत नाहीत. सपाट जागा, चाकांना लाकडी ठोकळे, बॅटरीची तार काढलेली, हवेची टाकी रिकामी केलेली. गंजके नट आदल्या रात्रीच तेल मारून भिजत ठेवले होते. घाईने पाना मारला तर स्टड तुटतो आणि तो काढण्यातच दिवस जातो. हवेची नळी, ब्रेकची बॉडी, मग ऑइलच्या नळ्या आणि शेवटी टर्बो असं सुटत गेलं. प्रत्येक उघड्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा. मी गमतीने म्हटलं, “तुम्ही तर बाळंतिणीचे कान झाकल्यासारखं झाकताय!” तर म्हणाले, “ताई, आत एक वायसर पडला तर तुमचे तीस हजार परत पाण्यात.” बोळे किती घातले ते मोजून ठेवले होते आणि काढताना पुन्हा मोजले.

जुन्या टर्बोच्या पंख्याचे दोन दात तुटले होते. ते गेले कुठं? हवेच्या पाइपात आणि इंटरकूलरमध्ये, म्हणजे हवा थंड करणाऱ्या जाळीत. तुकडे सापडले, बरोबर वाटीभर ऑइलही निघालं. हे साफ करणं लोक टाळतात. साठलेलं ऑइल इंजिनाने ओढलं तर इंजिन त्याच्यावरच पळत सुटू शकतं, चावी फिरवली तरी थांबत नाही.

मग नवी ऑइल नळी, नवं ऑइल, नवा फिल्टर, नवी पॅकिंग. ऑइलच्या भोकाजवळ चिकटवायची पेस्ट लावली नाही, कारण तिचा तुकडा सुटला की भोक बुजतं. टर्बो जागेवर बसल्यावर, नळी जोडायच्या आधी, त्याच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतून पंखा बोटाने फिरवला. ब्रेकची नवी बॉडी बसवण्याआधी झडप दहा वेळा उघडझाप करून पाहिली. सोडल्यावर ती पूर्ण उघडी राहिली पाहिजे, नाहीतर पुन्हा तेच दुखणं. नट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे, मापाच्या पान्याने. हवेच्या जोडाला साबणाचा फेस लावला, बुडबुडा आला नाही. डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा फिरवला म्हणजे ऑइल वर चढतं, मग इंजिन चालू करून पाचेक मिनिटं नुसतं गुरगुरत ठेवलं. थंड झाल्यावर नट पुन्हा तपासले.

मुलाला त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. चढ चढून आल्यावर लगेच चावी बंद करायची नाही, दोन-तीन मिनिटं इंजिन सावकाश चालू द्यायचं, नाहीतर आतलं ऑइल तिथंच करपतं. आणि एक्झॉस्ट ब्रेक रोज थोडा वापरायचा, अगदी सपाटीलासुद्धा, म्हणजे झडप काजळीने धरत नाही.

आता आमच्या अर्जात ‘गाडीचे काम’ एवढं चालत नाही. जुना भाग घरी आणायचा, बिलावर काय बदललं ते लिहून घ्यायचं, आणि भाग का गेला याचं मिस्त्रीचं उत्तर अर्जावर लिहायचं. निळा धूर, शिट्टीचा बदललेला आवाज, घाटात ब्रेकचा वास, यातलं काही मुलाने किंवा मालकाने सांगितलं तर त्याच दिवशी झडप हलवून बघायला सांगायचं, अर्थात गाडी थंड असताना. काकींची गाडी चार महिने फिरतेय. दोन्ही कर्जं मिळून त्यांचे अकरा हप्ते राहिलेत. जुनी झडप त्यांनी भंगारात दिली नाही, सभेला येताना पिशवीत घालून आणली होती आणि सगळ्यांनी ती हातात घेऊन पाहिली.