तापलेले वायू : ७
न संपणारी बेरीज

आज, तापलेल्या वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात ते सांगणाऱ्या साहा समीकरणाला हात घालायचा होता. पण मागच्या लेखातल्या पार्टिशन फंक्शनवर, म्हणजे अणूच्या सगळ्या अवस्थांच्या वजनदार बेरजेवर, एका वाचकाने नेमकं बोट ठेवलंय. हायड्रोजनच्या अणूला ऊर्जापातळ्या अनंत. मग सगळ्यांची बेरीज अनंत येणार नाही का?

येते! आणि हा माझा फार आवडता घोळ असल्याने आजचा लेख त्याच्याच नावावर.

n क्रमांकाच्या पातळीत 2n² अवस्था असतात. वर चढायला ऊर्जा लागते, म्हणून त्या संख्येला घातांकी कात्री लागते. पण पातळी कितीही वरची असली तरी 13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा जास्त ऊर्जा लागत नाही. त्यामुळे 10,000 केल्विनला कात्री कोटीत सुमारे 1.4 या प्रमाणापाशी अडते, 2n² मात्र वाढतच राहतो. तळाच्या पातळीचे 2, दुसरीचे जेमतेम 0.00006, तरी पावणेतीनशेच्या आसपास पातळ्या मिळवल्या की बेरीज दुप्पट होते. त्यापुढे तिला आवरच नाही.

मग थांबायचं कुठे? 1924मध्ये विशीतल्या फर्मीने या प्रश्नात अणूच्या आकारमानाला आणलं. अणूची त्रिज्या n²च्या पटीत फुगते. 275व्या पातळीवर ती 4 मायक्रॉन भरते. एका वातावरणाच्या दाबाला आणि 10,000 केल्विनला कणांमधलं सरासरी अंतर असतं 11 नॅनोमीटर. एवढा अणू तिथे मावणार कुठे? 14व्या पातळीपाशीच शेजारी आडवे येतात. तिथे थांबलं तर बेरीज येते 2.0004.

शेजारी दूर असले तर असे अवाढव्य अणू खरोखर असतात. 1965मध्ये ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीने मृगातल्या तेजोमेघात, 110व्या पातळीवरून 109व्या पातळीवर उतरणाऱ्या हायड्रोजनची रेषा टिपली. त्या अणूचा व्यास सव्वा मायक्रॉन, म्हणजे एखाद्या जिवाणूएवढा!

तक्ते करणाऱ्यांची अडचण वेगळी. शेजाऱ्यांचं अंतर दाबावर ठरतं, आणि प्रत्येक दाबाला नवा तक्ता कोण करणार? नासाच्या गॉर्डन आणि मॅकब्राइड यांनी 20,000 केल्विनपर्यंतचे तक्ते करताना सोपी वाट धरली: इलेक्ट्रॉन kT (त्या तापमानाची औष्णिक ऊर्जा) पेक्षा कमी ऊर्जेने बांधलेला असेल, तर ती पातळी मोजायचीच नाही. या नियमाने 10,000 केल्विनला हायड्रोजनच्या तीनच पातळ्या उरतात.

14 मोजा की 3, बेरीज 2च्या आसपासच. पण विशिष्ट उष्णता काढताना प्रत्येक पातळीच्या ऊर्जेचा वर्ग येतो, वरच्या पातळ्यांचं वजन वाढतं आणि दोन पद्धतींत दीडेक टक्क्याचा फरक पडतो. 20,000 केल्विनला तर बेरीजच फुटते: नासाच्या नियमाने 2.02, शेजाऱ्यांच्या हिशेबाने, त्याच एका वातावरणाच्या दाबाला, 3च्या वर. म्हणून या तापमानाचे दोन तक्ते जुळेनात, तर आधी दोघांनी बेरीज कुठे तोडली ते पाहावं. आकडेमोडीवर संशय नंतर.

साहा समीकरणात हीच बेरीज छेदस्थानी बसते, त्यामुळे आजचा उशीर वाया गेलेला नाही. तोवर 20,000 केल्विन आणि 100 वातावरणं दाब धरून, शेजारी कितव्या पातळीला आडवे येतात ते काढून ठेवा. पुढच्या आठवड्यात त्याच आकड्यापासून सुरुवात करू.